अस्सलबरहुकूम

मोटारीची बॉडी चॅसीवरून उचलून बाजूला ठेवली, आणि चॅसीच्या अंगावर चाळीस-पन्नास वर्षे साचून दगडासारखा बसलेला ग्रीस, तेल व रस्त्याची धूळ यांचा थर, घाई न करता, हलक्या हाताने भिजवीत उतरवीत गेले, म्हणजे कधी कधी एखाद्या बोल्टच्या माथ्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका वर येतो. तो नखाएवढाच असतो. ब्रशाच्या केसांच्या रेघा त्यात अजून मोजता येतात, एका कडेने रंगाचा ओघळ नटाच्या कंगोऱ्यावरून खाली उतरून तेथेच वाळलेला असतो, आणि ज्या मळाला आपण इतका वेळ दूषण देत होतो त्यानेच ऊन, पाऊस व गंज यांपासून त्या ओघळाला राखले, हे मग ध्यानी येते. जाणती माणसे अशा वेळी रॉकेलाचे फडके दूर ठेवून साबणाचे पाणी घेतात. कारण रंगाचा ठिपका एक वेळ टिकेल, परंतु त्याच्या शेजारी मेणखडूने काढलेला एखादा आकडा असला तर तो रॉकेलाच्या पहिल्याच हाताबरोबर मळासहित निघून जावयाचा.

हे वर्णन मी करीत आहे ते मुख्यतः अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेट मोटारीला, आणि तीतही १९६३ ते १९६७ या पाच वर्षांत मिसूरी राज्यातील सेंट लुईस येथील कारखान्यात जुळविल्या गेलेल्या १,१७,९६४ गाड्यांना अनुलक्षून. या गाडीची बॉडी फायबरग्लासची आणि खालचा सांगाडा पोलादाचा. दोन्ही निरनिराळी सिद्ध होऊन मग एकमेकांवर बसविलेली, त्यामुळे शरीर आणि अस्थिपंजर यांचा वियोग येथे खरोखरच करता येतो, आणि तो केल्यावाचून खालच्या लिखाणाचे वाचन होत नाही. लिखाण हा शब्द मी जाणून वापरतो. चॅसीच्या कुशीवर भाग-क्रमांकाचा छापा असे. स्प्रिंगांवर त्यांची जात ओळखू यावी म्हणून रंगाची खूण असे. ड्राइव्ह शाफ्टवर रंगाचे पट्टे ओढलेले असत, ते कोणत्या गाडीला कोणता शाफ्ट हे दुरूनच कळावे म्हणून. आणि स्टिअरिंग व सस्पेन्शन यांच्या ज्या बोल्टांवर माणसाचा जीव अवलंबून, ते आवळून तपासल्यावर तपासणारा आपल्याजवळच्या डब्यातील रंगाचे एक बोट त्यावर ओढून पुढच्या गाडीकडे वळे.

या सर्वांत मला अतिशय हृद्य वाटते ती शिमांची नोंद. बॉडी आणि चॅसी यांच्यामध्ये राहणारी फट दर गाडीत थोडी निराळी पडे. ती भरून काढण्यासाठी टेकूंच्या जागी पत्र्याच्या पातळ चकत्या, ज्यांना शिम म्हणतात त्या, घालाव्या लागत. आणि कोणत्या टेकूखाली किती चकत्या घालावयाच्या याचा आकडा कामगार त्या टेकूजवळ चॅसीवरच मेणखडूने लिहून ठेवी. एके ठिकाणी दोन, एके ठिकाणी तीन, एके ठिकाणी एकही नाही. हा हिशेब त्या एका सांगाड्याचा आणि त्या एका बॉडीचा. शेजारच्या गाडीला तो लागू नाही. यंत्राने हजारोंनी सारखी निर्माण केलेली वस्तू म्हणून जिच्याकडे आपण पाहतो, तिच्या पोटाखाली तिचे एकटीचे टिपण असे कोणा अनामिकाच्या अक्षरात लिहिलेले असावे, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

ही चिन्हे गिऱ्हाइकासाठी काढलेली नव्हती. ज्या माणसाने गाडी विकत घेतली त्याने ती जन्मात पाहिली नसतील. ती एका कामगाराने दुसऱ्या कामगाराला सांगितलेली गोष्ट होती, आणि गाडी कारखान्याच्या दाराबाहेर पडताच त्या गोष्टीचे प्रयोजन संपले होते. परंतु पुढे या गाड्या जुन्या झाल्या, दुर्मिळ झाल्या, त्यांच्या किमती वाढल्या, आणि १९७४ मध्ये कॉर्व्हेटच्या जीर्णोद्धारकांची जी राष्ट्रीय संस्था अमेरिकेत स्थापन झाली तिने गाडी पारखण्याची अशी एक कसोटी ठरविली की, कारखान्यातून बाहेर पडतेवेळी गाडी जशी होती तशी ती आज दिसली पाहिजे. त्याहून वाईट नको आणि त्याहून चांगलीही नको. सुमारे साडेचार हजार गुणांची ही परीक्षा. ९४ टक्के पडले तर सर्वोच्च श्रेणी. कारखान्यात नव्हती इतकी चकाकी आणली तर ते येथे भूषण ठरत नाही, तो दोषच धरला जातो. आणि कारखान्याच्या खुणा हाही परीक्षेचा विषय. मग स्वाभाविकच असे होऊ लागले की, चॅसीवर वाळूचा मारा करून ती पोलादापर्यंत सोलावयाची, तिला नवा काळा रंग द्यावयाचा, आणि त्यावर जुन्या छायाचित्रांवरून पिवळे ठिपके, पांढरे पट्टे, मेणखडूचे आकडे, इतकेच काय पण निष्काळजी हाताने मारलेल्या फराट्याचा निष्काळजीपणादेखील, अत्यंत काळजीपूर्वक पुन्हा काढावयाचा.

हा जो दुसऱ्या वेळी काढलेला ठिपका, तो खोटा आहे काय? प्रश्न मोटारींच्या शौकिनांपुरता वाटतो. मला तो धर्माचा प्रश्न वाटतो, आणि त्याचा विचार त्याच गांभीर्याने व्हावा अशी माझी इच्छा आहे.

आपल्या भाषेला या बाबतीत एक सोय पूर्वीच्या दफ्तरखान्यांनी करून ठेवली आहे. अस्सल, नक्कल आणि बनावट असे तीन शब्द आपण वापरतो, आणि त्यांतील दुसरा व तिसरा एक नव्हेत हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. लहानपणी वडिलांबरोबर मामलेदार कचेरीत गेलो असता मी नकलनविसाला काम करताना पाहिल्याचे आठवते. समोर जुना, कडा झिजलेला कागद. शेजारी कोरा कागद. आणि एकावरील अक्षर दुसऱ्यावर उतरवीत चाललेला तो वाकलेला माणूस. जेथे मूळ कागद फाटला होता तेथे त्याने आपल्या मनाचे शब्द घातले नाहीत, जागा सोडली. लिहून झाल्यावर दुसऱ्या कारकुनाने मूळ कागद मोठ्याने वाचला, पहिल्याने नक्कल डोळ्यांखालून घातली, आणि मग खाली ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा पडून नक्कल करणाराची व रुजवात घेणाराची, अशा दोन सह्या झाल्या. त्या नकलेने कोर्टात काम भागले असते. परंतु आपण अस्सल आहो असे तिने कोणालाही सांगितले नसते. बनावट कागद मात्र हेच काम उलट करतो. तो सह्या लपवितो, कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करतो, आणि ज्या शाईने लिहिला तिचे वय चोरतो. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पिढीपासून आपल्याकडील संशोधकांनी मराठ्यांच्या दफ्तरांतील कागद पारखताना मोर्तबे, शेरे, अक्षरवळण, कागदाची जात यांवर जो डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला, तो या दोहोंतील सीमा राखण्यासाठीच.

आता गाडीकडे येऊ. परंतु वाटेत एक जुना रथ उभा आहे, त्याला ओलांडून जाता येत नाही. मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने विचारले की, तू रथातून आलास तर रथ म्हणजे काय ते सांग. आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, सांगाडा म्हणजे रथ काय? राजा एकेका अवयवाला नाही म्हणत गेला, आणि अखेर अवयवांच्या संयोगाला आपण व्यवहारासाठी दिलेले नाव एवढाच रथ, असे त्याला कबूल करावे लागले. ग्रीकांनी हाच प्रश्न थीसिअसच्या नौकेवर सोडविण्याचा यत्न केला: फळ्या एकामागून एक बदलत गेल्यावर नौका तीच राहते का? विसाव्या शतकात हा वाद चक्क न्यायासनापुढे आला. बेंटले कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ नावाची गाडी १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. पुढे तिची चॅसी, इंजिन, बॉडी सर्व बदलत गेले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला, त्यानंतर ती पुन्हा नव्याने बांधली गेली. ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला तेव्हा खरीददार म्हणाला की, ही ती गाडीच नव्हे. १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी निवाडा दिला तो असा की, १९२९ सालच्या लोखंडापैकी तीत जवळजवळ काही उरलेले नाही हे खरे, परंतु तिचा इतिहास कोठेही तुटलेला नाही, आणि म्हणून ती खरी ओल्ड नंबर वनच होय.

हा निवाडा मला मान्य आहे. नागसेनालाही तो फारसा अमान्य झाला नसता, असे वाटते. परंतु त्याने ठिपक्याचा प्रश्न सुटत नाही. वस्तूची ओळख सातत्याने टिकते. साक्ष तशी टिकत नाही. घरातील थोरल्या माणसाच्या जागी त्याचा मुलगा कर्ता झाला तरी घराणे तेच राहते, परंतु बापाने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची साक्ष मुलाला देता येत नाही; दिली तर ती ऐकीव म्हणूनच द्यावी लागते. रंगाचा ठिपका हा गाडीचा अवयव असता तर चाक बदलावे तसा तो बदलता आला असता, आणि कोणाचे काही बिघडले नसते. तो अवयव नाही. ‘मी हा बोल्ट आवळून पाहिला’ हे एका माणसाचे वाक्य आहे, आणि वाक्याचा खरेखोटेपणा त्याच्या शाईत शोधावयाचा नसतो.

न्यायशास्त्राने शब्द हे प्रमाण मानले, परंतु कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त कोण, याचे भाष्यकार वात्स्यायनाने जे लक्षण सांगितले ते माझ्या मते आपल्या तत्त्वज्ञानातील उदारतम वचनांपैकी एक आहे: ज्याने वस्तू साक्षात् पाहिली आहे, आणि जशी पाहिली तशी ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. वेद पाहणारा आणि वाटेवरची नदी खोल की उथळ हे सांगणारा वाटाड्या यांना भाष्यकाराने अशा रीतीने एका पंक्तीला बसविले. त्या पंक्तीत सेंट लुईसच्या कारखान्यातील तो तपासनीस निःशंकपणे बसतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. तो दमलेला असेल, पाळी संपण्याची वाट पाहत असेल. परंतु पाना हातात घेऊन त्याने बोल्टचा ताण आपल्या मनगटाने जाणला आणि जे जाणले ते रंगाने सांगितले, एवढ्या क्षणापुरता तो आप्त होता.

ज्या नैयायिकांनी हे सांगितले त्यांनीच धुराचेही सांगितले. डोंगरावर धूर पाहून अग्नीचे अनुमान करावे. परंतु जो धूर वाटला तो धुके किंवा धूळ असेल तर अनुमान पायाच नसलेल्या भिंतीसारखे कोसळते. छायाचित्रावरून काढलेला ठिपका हे मला असे धुके वाटते. तो डोळ्याला अचूक धुरासारखा दिसतो. त्याच्या खाली अग्नी कधी नव्हताच. बोल्ट कदाचित सैलही असेल. बौद्धांनी याहून सूक्ष्म इशारा दिला आहे: कापलेले केस व नखे पुन्हा वाढली म्हणजे आपण ‘हेच ते केस’ असे म्हणतो, आणि ओळख पटल्याचा तो आनंद भ्रमाचा असतो. पुरस्कारप्राप्त चॅसीपुढे उभे राहून, हाच तो १९६५ सालचा फराटा, असे म्हणणाऱ्याचा आनंद याच जातीचा नव्हे काय?

परंतु येथे थांबलो तर मी त्या कारागिरांवर अन्याय करीन. त्यांच्यापैकी कित्येकांनी कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूला कोणता रंग असे, छापा सरळ पडे की उलटा, आकडा कोणत्या टेकूजवळ लिहीत, याचा शोध शेकडो न सोललेल्या चॅसींच्या खाली उताणे पडून लावला आहे. कारखान्याने कधी न लिहिलेला इतिहास या लोकांनी लिहिला. त्यांच्या मनात फसवणूक नसते. ज्या अनामिक कामगारांच्या हातांना कोणी कधी नमस्कार केला नाही, त्यांच्या हाताचे वळण गिरवावे, हीच बहुतेकांची भावना असते, आणि गिरवणे ही आपल्या परंपरेत विद्येची पहिली पायरी आहे. म्हणून नकलेला माझा विरोध नाही. फक्त तिच्या खाली शेरा असावा, आणि तिची रुजवात झालेली असावी.

रुजवात म्हणजे येथे काय, ते शिमांच्या आकड्यावरून स्वच्छ दिसते. समजा, एका जीर्णोद्धारकाने दुसऱ्या गाडीच्या छायाचित्रावरून आपल्या चॅसीवर उजव्या टेकूजवळ ‘३’ लिहिले, आणि खाली चकती घातली एकच, कारण त्याच्या बॉडीला एकच लागत होती. त्याचा आकडा अक्षरवळणाने, रंगाने, जागेने निर्दोष आहे; परीक्षक पूर्ण गुण देईल; आणि तरी ते वाक्य त्या जागी उघड असत्य आहे. दुसऱ्या एकाने स्वतः फट मोजली, एक चकती घातली, आणि मेणखडूने ‘१’ लिहिले. त्याचा आकडा साठ वर्षे उशिरा लिहिलेला आहे, सेंट लुईसच्या कोणाही हाताचा नाही, आणि तरी तो खरा आहे. ज्या कर्मासाठी ते चिन्ह जन्माला आले ते कर्म त्याच्या मागे उभे आहे. बोल्टचेही तसेच. ठरल्या मापाने तो आवळून, पुन्हा एकदा पाना लावून पाहून, मग जो ठिपका लावतो त्याने कोणाची नक्कल केली असे मला म्हणवत नाही. त्याने तेच काम केले, तीच खूण केली. सांगणारा मात्र आता तो स्वतः आहे, आणि तसे त्याने कोठेतरी लिहून ठेवले पाहिजे.

खरा अपराध, माझ्या मते, रंग लावण्यात नसून त्याच्या आधी होतो. वाळूच्या माऱ्याखाली जी चॅसी ढकलली जाते तिच्यावर कधी कधी मूळ ठिपके शाबूत असतात. त्यांची छायाचित्रे घेतली जातात, मापे टिपली जातात, आणि मग, ते फिकट झाले आहेत, अर्धवट आहेत, गुण कमी पडतील, एवढ्यासाठी ते पोलादापर्यंत पुसून त्या जागी त्यांचीच सुरेख प्रतिकृती काढली जाते. साक्षीदार बोलत असताना त्याला बाहेर घालवून त्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणाऱ्याला पिंजऱ्यात उभे करावे, तसे हे आहे. समाधान एवढेच की, लोकांची दृष्टी आता बदलू लागली आहे. डागडुजी न केलेल्या गाड्यांचा वेगळा मान पुष्कळ ठिकाणी ठेवला जातो. आणि कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या सुप्रसिद्ध प्रदर्शनात, जेथे अनेक दशके आरशासारख्या गाड्यांनाच अग्रपूजेचा मान मिळत आला, तेथे २०२४ मध्ये प्रथमच एका जतन केलेल्या, जुनाच रंग अंगावर वागविणाऱ्या गाडीला, १९३४ सालच्या एका बुगाटीला, सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळातून आला, आणि देवळाला या कामातील जोखीम फार पूर्वीच कळली होती. मूर्ती दुरुस्त करावयाची तर आधी तिच्यातील देवत्वाला विनंतीपूर्वक कलशात बोलवावे लागते; टाकी लागते ती त्यानंतर, आणि काम झाल्यावर पुन्हा प्रतिष्ठा करावी लागते, तिला नवा मुहूर्त आणि नवा यजमान असतो. जगन्नाथपुरीस नवकलेवराच्या वर्षी, जसे ते २०१५ मध्ये झाले, देवांच्या लाकडी मूर्ती नव्या घडवितात. जुन्यांमधील ब्रह्मपदार्थ रात्रीच्या अंधारात, डोळ्यांना पट्टी बांधून, नव्यांमध्ये ठेवतात. आणि जुन्या मूर्ती कोइली वैकुंठात पुरतात. त्यानंतर दैतापती सेवक घरचे माणूस गेल्याप्रमाणे सुतक पाळतात. नवी मूर्ती ही जुनीच आहे असे तेथे कोणी भासवीत नाही. देव तोच, लाकूड नवे, आणि जे लाकूड गेले त्याच्यासाठी दहा दिवस अशौच. पुसलेल्या ठिपक्यासाठी कोणी सुतक पाळावे असे मी म्हणत नाही, परंतु यंत्राचे बटण दाबण्यापूर्वी हात क्षणभर थांबावा, इतके त्या पिवळ्या थेंबाचे आपल्याशी नाते असावे.

म्हणून कोणी आपली गाडी दाखवून मला विचारले, तर मी आधी चॅसीच्या त्या भागाकडे पाहीन जेथे रंग फिका, अर्धा खरवडलेला, ओघळलेला असेल, आणि त्याच्याभोवती हातभर जागा जुन्याच काळ्या रंगाची राखलेली असेल. मग शेजारच्या, नव्याने रंगविलेल्या भागावरील ताज्या ठिपक्याकडे बोट करून विचारीन की, हा कोणी लावला, आणि लावण्यापूर्वी बोल्टला पाना लावला होता का. त्याने खिशातून तेलकट वही काढावी, पान उलटावे, आणि बोल्टची जागा, आवळल्याचे माप, तारीख व खाली आपली सही मला दाखवावी.